वास गेल्याशिवाय कोट द्यायचा नाही

४ फेब्रुवारी, मंगळवार

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं म्हणून ही वही. पाळी आली तर तारीख, अंगातून गरम वाफा किती वेळा आल्या, झोप कशी, डोकं दुखलं का, चिडचिड. "रोज दोन ओळी लिहा, पुरे," म्हणाल्या. मी म्हटलं, दोन ओळींत माझी चिडचिड मावायची नाही. त्या हसल्या. मी काही हसवायला बोलले नव्हते.

तर वय बेचाळीस. शेवटची पाळी सप्टेंबरात. रक्ताच्या रिपोर्टावरच्या एका आकड्याभोवती त्यांनी पेनाने गोल काढला आणि म्हणाल्या, "बंद व्हायच्या वाटेवर आहे. जरा लवकर आहे, पण अगदी जगावेगळं नाही." मग चार पानी फॉर्म भरायला दिला. सिगारेट ओढता का, घरात कोणी ओढतं का, वजन किती, मुलं किती, व्यायाम करता का, आईची पाळी कितव्या वर्षी गेली. एक प्रश्न होता, कामाच्या ठिकाणी रसायनं हाताळता का. तिथे 'नाही' लिहिलं. रसायनं कारखान्यात असतात. आमचं ड्रायक्लीनिंगचं दुकान आहे. आमच्याकडे घाण येते आणि स्वच्छ होऊन जाते.

आईची बेचाळिसाव्या वर्षीच गेली. म्हणजे घराण्यातच आहे. मग एवढी चार पानं कशाला भरून घेतली कोण जाणे.

६ फेब्रुवारी, गुरुवार

वाफा तीन. पहिली इस्त्रीच्या टेबलाशी. दुसरी काउंटरवर एका बाईंना पावती देताना. माझा चेहरा बघून त्यांनीच मला बसायला सांगितलं. तिसरी आत्ता, लिहिताना. खिडकी उघडली, बंद केली, परत उघडली.

डोकं दुखलं. दुपारनंतर दुखतंच, त्यात लिहिण्यासारखं काय आहे.

१० फेब्रुवारी, सोमवार

आजपासून लेक दुकानात. तिचं खरं नाव दाखल्यापुरतं, बाकी सगळ्यांची ती चिंगी. वीस वर्षांची आहे. डिप्लोमा झाला, चार मुलाखती दिल्या, चारही ठिकाणी "कळवतो" म्हणाले आणि कोणी काही कळवलं नाही. परवा आपणहून म्हणाली, "आई, मी दुकान शिकते." मी वरवर "बघ बाई, झेपेल का" म्हटलं, पण आतून इतका आनंद झाला की एका गिऱ्हाइकाला दुसऱ्याचीच पँट दिली.

तिला पहिल्या दिवशीच आमची रीत शिकवली. मशीनमधून कोट बाहेर आला की तो गरम असतानाच त्याच्या काखेत नाक खुपसायचं, डोळे मिटायचे आणि खोल श्वास घ्यायचा. मशीनमधल्या कपडे धुवायच्या सॉल्व्हंटचा गोडसर वास जरा जरी लागला तरी कोट परत दांडीवर. वास गेल्याशिवाय कोट द्यायचा नाही. आईने चाळीस वर्षांपूर्वी घालून दिलेला नियम आहे. दिवसाला साठ-सत्तर कपडे, तितकेच श्वास. बाकीची दुकानं घड्याळ लावून कपडे वाळवतात, आमचं सगळं नाकावर. त्यासाठीच तर लोक दोन गल्ल्या जास्त चालून आमच्याकडे येतात.

चिंगी मागच्या खोलीत शिरली आणि म्हणाली, "आई, इथे सगळीकडेच वास येतोय." म्हटलं, आठवड्याभरात जाईल. सगळ्यांचा जातो.

नाकाची परीक्षा पाच एप्रिलला ठरवली. पाच कोट टांगायचे, त्यांतला एक मुद्दाम अर्धवट वाळवलेला, आणि डोळे मिटून तो ओळखायचा. पास झाली की दुकान तिचं. मी एकोणीस वर्षांची असताना पहिल्याच फटक्यात ओळखला होता. माझ्याआधी ताईला नव्हता ओळखता आला. आई तिथल्या तिथे म्हणाली होती, "हिला नाक नाही." ताई मग शिकली आणि शाळेत शिक्षिका झाली. सत्तावीस वर्षं झाली, तरी आईशी ती अजून मोजूनमापून बोलते.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

डॉक्टरीणबाईंना फोन करून विचारलं की लवकर का. त्या म्हणाल्या, सिगारेटचं पक्कं माहीत आहे, ओढणाऱ्या बायकांची वर्ष-दोन वर्षं आधी जाते. घरातल्या दुसऱ्याच्या धुराचाही थोडा हात असू शकतो. फोन ठेवला आणि संध्याकाळी यांच्यावर तुटून पडले.

"वीस वर्षं गॅलरीत उभं राहून माझी पाळी फुंकून टाकलीत तुम्ही."

हे लिफ्ट दुरुस्तीचं काम करतात, प्रत्येक गोष्ट यंत्रासारखी तपासून बघतात. म्हणाले, "अगं, दार लावून ओढतो. रोजच्या दोन."

"दाराला फट आहे."

"फटीतून येऊन येऊन किती येणार?"

"म्हणजे येतो हे कबूल आहे ना?"

चिंगी तोंडावर उशी घेऊन हसत होती. यांनी उठून पाकीट कचऱ्यात टाकलं. मी जिंकले, पण जिंकल्यासारखं वाटलं नाही. वाफा चार.

२३ फेब्रुवारी, रविवार

ताई जेवायला आली होती. शेहेचाळीस पूर्ण. भांडी पुसता पुसता म्हणाली, "माझं अजून सगळं घड्याळासारखं चालू आहे गं, वैताग आहे नुसता." मला वाटलं ताट फेकून मारावं. एकाच आईच्या दोघी. तिला शाळेची सुट्टी, पेन्शन आणि वर हेही. नशीब एकेकाचं.

डोकं दुखलं नाही. रविवारी दुखत नाहीच. गिऱ्हाइकांची कटकट नसते ना.

३ मार्च, सोमवार

मी आता सकाळी चालायला जाते. न्याहरीला अंडं, दूध, फळ. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, अगदी काटकुळ्या बायकांची लवकर जाते असं आढळतं. मी काटकुळी नाही, पण होते. दुकानाच्या नादात वर्षानुवर्षं चहावर दिवस काढलेत, तेच भोवत असणार.

यांना दुकानाचा नळ बघायला बोलावलं होतं. नळ राहिला बाजूला, हे मागच्या खोलीत मान वर करून उभे. "हा हवा बाहेर टाकायचा पंखा. याच्यावर पुठ्ठा कोणी मारला?"

"आईने. पंखा चालू केला की वरच्या मजल्यावरची शिंपीण भांडायला यायची. तिला वास सहन व्हायचा नाही."

"म्हणजे तिला नको म्हणून तुम्ही तो आत ठेवलात?"

मी म्हटलं, आम्हाला कुठे येतो वास. ते काहीतरी बोलणार होते, पण नळाकडे गेले. पुरुषांना कुठलीही गोष्ट बंद दिसली की चालू करावीशी वाटते.

चिंगीचं डोकं दुखत होतं. मोबाईलमध्ये डोळे घालून बसल्यावर दुसरं काय होणार. पण वासाबद्दल आता ती काही बोलत नाही. म्हटलं होतं ना, आठवड्याभरात जातो.

१२ मार्च, बुधवार

वाफा मोजायचा कंटाळा आला. एका वकिलाला तोडून बोलले. तो म्हणाला, "डाग गेला नाही." मी म्हटलं, "तो डाग नाही, कापड झिजलंय, तुम्हीही झिजाल." चिंगीने त्याची माफी मागितली. मी मागे जाऊन उगाच हँगर मोजत बसले आणि रडले. कशासाठी रडले ते सांगता येत नाही. मला आणखी मूल नको होतं, तसं कधी ठरवलंही नव्हतं. पण कोणीतरी न विचारता दार लावून घेतलं तर कसं वाटेल, तसं वाटतंय.

चिंगी मात्र तयार होतेय. आज तिने माझ्या हातातून एक शाल परत घेतली. "थोडा आहे अजून." मी पुन्हा हुंगली, खरंच होता. माझ्याहून तल्लख नाक आहे पोरीचं. वरच्या शिंपिणीलासुद्धा जिन्यात थांबवून सांगून आले.

१८ मार्च, मंगळवार

मामीचं ब्लँकेट पोचवायला गेले. मामी म्हणजे आईच्या थोरल्या भावाची बायको. आता त्र्याहत्तर वर्षांची आहे, एकटी राहते आणि तोंड अजून फटकळ. दुकान सुरू झालं तशी आईच्या हाताखाली तिथेच उभी राहिली, अकरा वर्षं. माझी अवस्था बघून म्हणाली, "हात्तिच्या, त्यात काय एवढं. मी तर एकेचाळिसाव्या वर्षीच मोकळी झाले."

बघा. म्हटलं नव्हतं का, घराण्यातच आहे. जरा हलकं वाटलं.

२० मार्च, गुरुवार

मामी आमच्या घराण्यातली नाही.

सकाळी कोटात नाक खुपसलेलं असताना हे डोक्यात आलं. मामी दुसऱ्या घरातून आली. तिच्या रक्तात आमचं काही नाही. तिच्यात आणि आमच्यात सारखी आहे ती मागची खोली. आणि ताई आमच्याच रक्ताची, पण तिने त्या खोलीत कधी काम केलेलं नाही.

तसाच श्वास घेत उभी होते. कोट हातातून सोडला. वाळला होता की नव्हता, आठवत नाही.

चिंगीला म्हटलं, "तू काउंटरवर बस." ती म्हणाली, "का? सतरा कपडे राहिलेत." तिने सतराही कपडे तपासले. मी बघत राहिले.

२५ मार्च, मंगळवार

डॉक्टरीणबाईंकडे. फॉर्ममधलं 'नाही' खोडायचंय, म्हटलं. सगळं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवून ऐकलं. म्हणाल्या, "तीन-चार बायकांवरून सिद्ध काहीच होत नाही. अशा द्रावणांविषयी शंका आहेत, सिगारेटइतकी खात्री नाही. तुमची त्यानेच गेली असं मी लिहून देऊ शकत नाही."

"आणि त्याने गेली नाही असं?"

"तेही नाही देऊ शकत. पण पाळीचं बाजूला ठेवा. डोकं रोज दुखतं आणि रविवारी दुखत नाही, हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलं? तो वास असा मुद्दाम छातीत भरून घेणं कोणासाठीच चांगलं नाही."

कोणासाठीच. मी वीस वर्षांच्या मुलीला शिकवलंय ते, आणि वर कौतुक केलंय.

घरी कोणाला काही बोलले नाही. पाच एप्रिलला अकरा दिवस उरलेत. चिंगी पासच होणार, प्रश्न तोच आहे. तिला खरं सांगितलं तर ती म्हणेल, सिद्ध कुठे झालंय. हट्टी आहे, माझ्यावर गेलीय.

२९ मार्च, शनिवार

आईकडे गेले. सत्तर वर्षांची आहे, गुडघ्यांमुळे घरातच असते. कपड्यांची गळलेली बटणं रंगाप्रमाणे वेगळी करत बसली होती. मी चप्पल न काढताच विचारलं, "मामीची कधी गेली, तुला ठाऊक होतं?"

"होतं."

"आणि तुझीही तशीच."

"माझी मला ठाऊक नसेल का?"

मला वाटलं होतं ती उडवून लावेल, निदान चिडेल तरी. ती बटणं निवडत राहिली. मग खाली बघूनच म्हणाली, "ताईच्या वेळी एकही कोट कच्चा नव्हता."

मला कळलंच नाही. तिने पुन्हा सांगितलं. ताईच्या परीक्षेचे पाचही कोट तिने तीन दिवस गच्चीवर वाळवले होते. ताईने कुठलाही कोट दाखवला असता तरी ती चुकलीच असती. "तिला तिथे उभी करायची नव्हती मला. दुकानच करायचं म्हणून हटून बसली होती, नुसतं नको म्हटलं असतं तर ऐकली नसती."

"आणि माझ्या वेळी?"

"तुझ्या वेळी होता एक."

"का?"

आईने हातातलं बटण खाली ठेवलं. "गुडघे गेले होते माझे. दुकान कोणीतरी चालवायला हवं होतं. आणि मला खात्री नव्हती गं. असलं काही विचारायचं तरी कोणाला? म्हटलं, एकीला तरी लांब ठेवू. दोघींना ठेवण्याइतकी खात्री नव्हती."

मी उठले. पाणी घे, म्हणाली. घेतलं नाही. रस्त्याने इतकी भरभर चालले की घर मागे राहिलं. तेवीस वर्षं मला अभिमान होता की आईने मला निवडलं.

१ एप्रिल, मंगळवार

चिडचिड: हो. झोप: नाही. वाफा: मोजल्या नाहीत. ताईला फोन लावला आणि ती "हॅलो" म्हणायच्या आत ठेवला.

२ एप्रिल, बुधवार

पाच कोट गच्चीवर नेऊन टांगले. पाचही. चिंगीला खाली काउंटरवर बसवून ठेवलं होतं. आईवर एवढा राग आहे आणि हात तेच करताहेत. पण दुसरं काय करू? नापास झाली तर चार दिवस रडेल. रडून कोणाचं काही जात नाही. मग पाचवी मुलाखत देईल, कोणीतरी कळवेल. मी तिला कधी सांगणार नाही, म्हणजे झालं.

५ एप्रिल, शनिवार

दुकान दुपारी बंद केलं. पाच कोट दांडीवर. चिंगी केस बांधून, हात धुऊन आली, मुलाखतीला जातात तशी. डोळे मिटले. पहिला कोट, दुसरा, तिसरा. प्रत्येकाला दोनदा. मी तिच्याकडे बघत नव्हते.

पाचवाही हुंगून ती सरळ उभी राहिली. "आई, यात एकही नाहीये."

"एक असतोच. नीट बघ."

"नाहीये. पाचही कोरडे आहेत. परत घेऊ का?" आणि ती पुन्हा पहिल्या कोटाकडे वाकली.

मी कोट तिच्या हातातून ओढून घेतला. "नको. परत नको घेऊस." मग सगळंच बाहेर पडलं, मामी, ताई, आजीचे पाच कोट, डॉक्टरीणबाई, पंखा. मधे मधे उलटंसुलटं सांगितलं. ती इस्त्रीच्या टेबलाला टेकून ऐकत होती.

"म्हणजे तू मला नापास करणार होतीस."

"हो."

"आणि सोमवारी स्वतः येऊन सत्तर कपडे हुंगणार होतीस."

"माझं आता काय जायचं राहिलंय, चिंगे?"

मी हे साधंच म्हटलं होतं. तिचा चेहरा एकदम उतरला. "डोकं आहे, छाती आहे, आणखी चाळीस वर्षं आहेत," ती म्हणाली. "आणि मला आई लागणार आहे, त्याचं काय?"

"अगं, पण दुकान कोणीतरी चालवायला..."

पुढचं बोललेच नाही. आईचेच शब्द होते, आठवड्यापूर्वी मी ज्यांच्यावरून पाणी न पिता उठून आले होते ते. चिंगीने माझ्या पर्समधून दुकानाची किल्ली काढली, दोघींना बाहेर घेतलं आणि कुलूप लावलं.

७ एप्रिल, सोमवार

चाळीस वर्षांत पहिल्यांदा दुकान सोमवारी बंद. घरात पाय ठरत नाहीत. दहा वेळा दारापर्यंत जाऊन आले. दुकानाच्या दारावर चिंगीने कागद चिकटवलाय, 'दुरुस्तीसाठी बंद'. हे सकाळीच पुठ्ठा काढायला गेले. म्हणाले, पंखा मागच्या बाजूला काढून नळी छपरापर्यंत नेऊ, म्हणजे शिंपिणीलाही त्रास नको. मशीनचं दारही घट्ट बसत नाही म्हणे, दुसरंच घ्यावं लागेल. वाळवायचं आता घड्याळ लावून, लोकांसारखं. चिंगी पाचव्या मुलाखतीचा अर्ज भरतेय, आणि दर अर्ध्या तासाने मी घरात आहे ना ते बघतेय.

अकराला आईचा फोन. "दुकान उघडलं नाहीस म्हणे. शिंपीण सांगत होती."

"नाही उघडलं. ती रीतही बंद. आता कोणी नाक लावणार नाही."

मी भांडायच्या तयारीत होते. आई म्हणाली, "बरं केलंस." मग, "ताईला सांगितलंस?"

"नाही. ते तू सांगायचंस."

"रागावेल ती."

"रागावेल."

"आणि तू?"

खोटं बोलवेना. म्हटलं, "माझा राग एवढ्यात जायचा नाही, आई."

"नको जाऊ दे," आई म्हणाली. "पण येत जा."

मला रडू आलं आणि आणखी रागही आला, दोन्ही एकदम. फोन मात्र दोघींनीही ठेवला नाही.